स्टेअरिंग आणि कूलंटची दुरुस्ती: घरी कुठवर करावी, कुठे थांबावं

गॅरेजमधून आलेल्या अंदाजपत्रकावर 'रॅक असेंब्ली, रेडिएटर, वॉटर पंप, कूलंट, मजुरी' एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली एक आकडा. गाडी जुनी असेल तर तो आकडा डोळ्यांवर येतो. मग विचार सुरू होतो: पाने-सॉकेटचा संच आहे, जॅक आहे, रविवार मोकळा आहे, आपणच केलं तर? याचं सरसकट उत्तर देता येत नाही. त्या एका कागदावर अर्ध्या तासाचं काम आणि गाडीचा पुढचा सांगाडा खाली उतरवायचं काम एकाच ओळीत लिहिलेलं असतं. ते आधी सुटं करावं लागतं.

कूलंट नेमकं काय करतं

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायला लागते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. कूलंट हे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण असतं. वॉटर पंप ते इंजिनाच्या ब्लॉकमधून (मुख्य ओतीव भाग) आणि हेडमधून (त्यावर बसणारा वरचा भाग) फिरवतो. थर्मोस्टॅट ही तापमानावर चालणारी झडप आहे. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे सोडते. तिथे हवेने ते निवतं आणि परत फिरतं.

सगळी गंमत दाबाची आहे. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची किंवा टाकीची कॅप आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. वाफ न सोडता प्रेशर कुकरचं झाकण उघडलं तर जे होईल, तेच गरम इंजिनाची कॅप उघडल्यावर होतं. दाब क्षणात जातो, आतलं सगळं एकदम उकळतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. वरचा जाड होस (रबरी नळी) हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत कॅपला हात लावायचा नाही, यात सूट नाही.

आणि स्टेअरिंग

तुमच्या हातातलं चक्र, त्याखालचा दांडा, दोन सांध्यांचा मधला शाफ्ट, मग पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक आणि त्यात अडकलेली आडवी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि त्यांच्या टोकांचे गोल सांधे, टाय रॉड एंड, चाकांना वळवतात. ही लोखंडाची अखंड साखळी आहे. तिच्या जोडीला मदतनीस असतो: जुन्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक, नव्या गाड्यांत बहुधा विजेची मोटर.

मदतनीस बंद पडला तर स्टेअरिंग जड होतं, पण गाडी वळते. साखळीतला एखादा दुवा सुटला तर गाडी वळतच नाही. अंदाजपत्रकात दोन्ही 'स्टेअरिंग रिपेअर' या एकाच नावाखाली येतात, म्हणून हा फरक आपण स्वतः विचारून घ्यायचा.

दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर

अशा वेळी आधी बेल्ट पाहा. हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या अनेक गाड्यांत एकच लांब बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि वॉटर पंप असे तिघांना फिरवतो. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा चढू लागतो. या तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'जवळच तर आहे' म्हणून पुढे नेलेली गाडी बेल्टच्या किमतीचं काम हेडच्या किमतीला नेऊन ठेवते.

बेल्ट शाबूत आहे पण वळताना किंचाळतो, असंही होतं. वरून गळणारं कूलंट किंवा स्टेअरिंगचं तेल त्यावर पडलं की तो घसरतो. नवा बेल्ट टाकून गळती तशीच ठेवली तर तोही काही दिवसांत तसाच वाजेल.

ठरवायचं कशावर

बोल्ट आपल्याला सुटेल का, असा प्रश्न बहुतेक लोक विचारतात. बोल्ट सुटतो. त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा की काम चुकलं तर ती चूक कुठे उघडी पडेल: उभ्या गाडीखाली जमिनीवर, की वेगात, वळणावर?

कूलंटच्या बहुतेक चुका उभ्या गाडीत दिसतात. क्लँप नीट बसला नाही तर थेंब पडतो. हवा अडकली तर काटा हलतो, हीटर थंड हवा फेकतो. पाहणारा माणूस सावध असेल तर नुकसान होण्याआधी इंजिन बंद करता येतं. स्टेअरिंगमधली चूक मात्र गप्प बसते. अर्धवट आवळलेला नट पन्नास किलोमीटर काहीच बोलणार नाही. म्हणून सारखीच अवघड वाटणारी दोन कामं असली तरी कूलंटकडचं आधी हातात घ्यावं.

निदान मात्र दोन्हीकडे स्वतः करावं. त्यात गाडी बिघडत नाही, आणि ते केलेल्या ग्राहकाशी गॅरेजमध्ये बोलण्याची पद्धतही बदलते.

कूलंट कुठून जातंय हे आधी शोधा

जमिनीवरचा डाग पांढऱ्या कागदावर टिपा. पाण्यासारखं पातळ, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. बोटांत तेलकट लागलं आणि लालसर किंवा तपकिरी असेल तर स्टेअरिंगचं किंवा गिअरबॉक्सचं तेल. रंगहीन, बिनवासाचं असेल तर एसीचं पाणी, त्याची काळजी नको.

कोणत्या परिस्थितीत गाडी गरम होते, ही सगळ्यात फुकट आणि सगळ्यात दुर्लक्षित माहिती. गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तर संशय पंख्यावर: मोटर, रिले किंवा फ्यूज. एसी लावल्यावर पंखा फिरतो का ते बघून घ्या. याउलट चढावर किंवा सलग वेगात चढतो आणि गावात ठीक असतो, तर रेडिएटर आतून चोंदलेला, पंप अशक्त किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. इंजिन तापलं तरी रेडिएटरचा खालचा होस थंडच, हे थर्मोस्टॅट बंद अडकल्याचं नेहमीचं लक्षण. गाडी लवकर गरमच होत नाही आणि इंधन जास्त खाते, तर तो उघडा अडकलाय. काही जण अशा वेळी थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका, इंजिन कायम थंड चाललं तर झीज वाढते.

गळती दिसत नसेल तर प्रेशर टेस्टर लावतात. हा कॅपच्या जागी बसणारा हातपंप असतो. इंजिन थंड असताना कॅपवर छापलेल्या दाबाइतकाच दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर कूलंट कुठेतरी बाहेर पडतंय. आता टॉर्च घेऊन या जागा बघा: होसची टोकं, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला चिमटलेल्या असतात ती कड, आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं छोटं भोक. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं आणि मागे वाळलेल्या रंगीत क्षाराची रेघ सोडतं. तशी ठळक रेघ दिसली की पंप बदलायचा, सीलंट फासून काही होत नाही.

बाहेर कुठेच ओल नाही तरी दाब उतरतोय, तेव्हा दोन जागा उरतात. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, फुटला असेल तर पायाखालचं कार्पेट ओलं होतं, आत गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर चिकट धुकं धरतं. दुसरी जागा हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, त्याचं पुढे येईल.

आणि रेडिएटर बदलायला होकार देण्याआधी कॅप बदलून बघा. तिचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, कूलंट टाकीतून उतू जातं आणि गाडी उकळते. गाडी थंड झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसला तर कॅपमधली हवा आत घेणारी झडप अडकली आहे.

घरी करण्यासारखी कूलंटची कामं

कॅप, होस, क्लँप, हाताला सहज लागेल अशा जागी असलेला थर्मोस्टॅट, बाहेरच्या बेल्टवरचा आणि पोचण्यासारखा वॉटर पंप, बऱ्याच गाड्यांत रेडिएटरसुद्धा. साधी हत्यारं, एक तसराळं आणि धीर एवढं पुरतं. बॅटरीची ऋण वायर आधी सोडून ठेवा, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक फिरतो.

होस काढताना ओढून काढू नका. तो चिकटलेला असतो आणि जोर लावला की रेडिएटरचं प्लॅस्टिकचं नळकांडं तुटतं. अशा वेळी होसच्या जिवावर उदार व्हा: ब्लेडने लांबीत चिरा आणि सोलून काढा, नवा बसवायचाच आहे. मूळचे स्प्रिंगचे क्लँप असतील तर तेच परत वापरा. रबर गरमथंड होताना ते सैल-घट्ट होत राहतात. स्क्रूचे क्लँप एकदा आवळले की तसेच राहतात आणि जोरात आवळले तर रबरात घुसतात.

थर्मोस्टॅट बसवताना त्यावरचं बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची, तिथून अडकलेली हवा निघते. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट ही नवख्यांची ठरलेली चूक. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

आता भरण्याचं. लहान-मध्यम गाड्यांत एकूण ५ ते ८ लिटर कूलंट असतं, पण रेडिएटरची खालची तोटी उघडली तरी बरंचसं ब्लॉकमध्येच राहतं. जुनं काढून साध्या पाण्याने धुतलं असेल तर आत राहिलेलं ते पाणीच असतं. वरून तयार मिश्रण ओतलं तर एकूण प्रमाण पातळ होतं. उपाय सोपा आहे: मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं शुद्ध, न मिसळलेलं कूलंट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. क्षमता ६ लिटर असेल तर आधी ३ लिटर शुद्ध कूलंट.

रंगावरून जात ओळखू नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी आपापल्या सोयीने घातलेले रंग आहेत. जुन्या पद्धतीचं सिलिकेटयुक्त कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. दोन जाती मिसळल्या तर गंजरोधक निकामी होतात, कधी गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला मानकाचा क्रमांक डब्यावर शोधा.

सगळ्यात जास्त गाड्या इथून पुढच्या पायरीवर बिघडतात: हवा काढणं. हेडमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथला धातू कोरडा तापतो. वर तापमान मोजणारा सेन्सर त्याच हवेत आला तर काटा नॉर्मल दाखवत राहतो. गाडीचं नाक थोडं वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा, मग बंद करा. फनेल लावून इंजिन ॲक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा, थर्मोस्टॅट उघडून पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत पातळी बघत राहा. हीटरमधून सलग गरम हवा आली की बहुतेक हवा निघाली. काही गाड्यांत पाइपांची वळणं अशी असतात की निर्वात करून भरणारं यंत्र लागतं. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर फनेलवर वेळ घालवू नका.

नुसतं पाणी चालत नाही का?

अडचणीत, गॅरेजपर्यंत पोचायला, चालतं. कायमचं नाही. पाण्याचा उकळबिंदू कमी, त्यात गंजरोधक नाही, आणि नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. शून्याखाली तापमान जातं तिथे तर ते गोठून ब्लॉक फोडतं. निम्म्या प्रमाणातलं मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं.

गळती बुजवणारं द्रव टाकलं तर?

ते भोक ओळखत नाही. अरुंद वाट दिसली की तिथे बसतं, आणि सगळ्यात अरुंद वाटा हीटर कोअरमध्ये असतात. भंगारात जाणारी गाडी अजून महिनाभर ओढायची असेल तर टाका. ठेवायच्या गाडीत नको.

कूलंटमध्ये कुठे थांबायचं

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असेल तर. टायमिंग बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखतो. बऱ्याच इंजिनांत हा मेळ चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि एका किल्लीच्या फिरवण्यात हेड जातं. हे काम करून घेताना पंप, बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर एकदमच बदलून घ्या, मजुरी तीच पडते.

हीटर कोअरसाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. सुटा भाग स्वस्त असतो, त्यापर्यंत पोचायला दिवस जातो.

आणि हेड गॅस्केट. ते गेल्याची लक्षणं: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होस टणक होणं, टाकीत सतत बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही, ऑइल दुधाळ. एकटी ऑइल कॅपखालची फिकट साय पुरावा नव्हे. छोट्या फेऱ्यांत गाडी नीट तापत नाही तेव्हा दमटपणानेही ती धरते, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून ऑइल बघा. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट असते: टाकीतली कूलंटच्या वरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. त्यात जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. चाचणी घरी करता येते. त्यापुढे हेड काढून पृष्ठभाग सरळ आहे का हे मोजावं लागतं, गरज पडली तर मशीनवर घासून घ्यावं लागतं, आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या कोनात आवळावे लागतात. हे ज्याने आधी कोणाबरोबर केलेलं नाही त्याने एकट्याने सुरू करू नये.

स्टेअरिंग: आवाज, जडपणा, खेळ

वळवताना घुंईं असा आवाज येत असेल तर आधी टाकीतली तेलाची पातळी बघा. तेल फेसाळलेलं असेल तर पंप हवा ओढतोय, बहुतेक वेळा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या होसच्या सैल क्लँपमधून किंवा जुन्या ओ-रिंगमधून. बऱ्याच टाक्यांच्या तळाशी जाळी असते, ती चोंदली तरी तोच आवाज येतो. पंप खराब ठरवायच्या आधी हे तिन्ही बघायला हवं.

तेलाची जातही बघा. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, काहींना खास स्टेअरिंगचं, काहींना कृत्रिम हायड्रॉलिक तेलच लागतं. चुकीच्या तेलाने सील फुगतात किंवा आकसतात. नवं तेल भरल्यावर हवा काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवा, मध्येमध्ये पातळी भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू. टोकाला दाबून काही सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, तिथे दाब ७० ते १०० बारपर्यंत किंवा वरही जातो. म्हणूनच दाबाचा होस फुटला तर क्लँप आणि रबराचा तुकडा लावून जोड देऊ नका. उडालेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं.

मोटरवाल्या स्टेअरिंगचा दिवा लागला आणि ते जड झालं, तर रॅकचा भाव विचारण्याआधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवेत. ही मोटर एका दमात बॅटरीतून खूप मोठा करंट ओढते. व्होल्टेज पडलं की संगणक तिला बंद करतो. मरतुकड्या बॅटरीपायी, गंजलेल्या अर्थिंगपायी स्टेअरिंगच्या महागड्या भागांवर आळ येतो.

खेळ, म्हणजे सांध्यांतला सैलपणा, तपासायला पुढचं चाक उचला, गाडी पेलणारा स्टँड लावा, आणि चाक डाव्या-उजव्या बाजूंनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉडकडे संशय. दुसऱ्या माणसाला सांध्यावर हात ठेवायला सांगा, नेमका कोणता सांधा खेळतो ते बोटांना कळतं. बारा आणि सहाच्या जागी धरून खेळ आला तर खालचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं, तर ते बहुधा चाकांचं बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढते, तर आधी हवेचा दाब, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन), मग अडकलेला ब्रेक. या तीन तक्रारींत रॅकचा हात क्वचितच असतो.

रॅकच्या टोकांना रबराचे घडीदार बूट असतात. क्लँप सोडून बूट जरा सरकवा. आत तेल साचलेलं असेल तर रॅकचं सील गेलं, ते बदलण्याचा सल्ला बरोबर आहे. आत कोरडं असेल आणि फक्त बूट फाटलेला असेल तर वेळेत नवा बूट घातला की रॅक वाचतो. फाटक्या बुटातून पाणी-माती आत जाऊन रॅक गंजतो, आणि मग मात्र मोठा खर्च येतो.

टाय रॉड एंड: सीमेवरचं काम

हे घरी होतं, पण शिस्तीने. टणक सपाट जमीन, मागच्या चाकांना ठोकळे, जॅक फक्त उचलायला, गाडी उभी राहील स्टँडवर. चाक काढल्यावर आधी लॉक नट (टाय रॉड एंडला आट्यांवर पक्का धरणारा) जेमतेम पाव फेरा सैल करा, म्हणजे जुन्या जागेची खूण राहते. रंगाची रेघही मारा. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडलेली तार) काढा, कॅसल नट (खाचांचा नट) सोडा, पण दोन आटे तसाच ठेवा, सांधा सुटताना उसळून बोटांवर येणार नाही. पुलरने, म्हणजे सांधा दाबून बाहेर काढणाऱ्या हत्याराने, सांधा सोडवा. मग टाय रॉड एंड फिरवून काढताना फेरे मोजा आणि नवा तितकेच फेरे आत घाला.

नट आवळताना कधी कधी सांध्याची खुंटी नटाबरोबरच फिरत राहते. ती निमुळत्या भोकात घट्ट बसलेली नसते म्हणून. खालून जॅकने सांधा हलकेच वर दाबून धरा, मग आवळा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) आल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच फिरवायचा, भोकासाठी मागे कधीही घ्यायचा नाही. स्प्लिट पिन नवीन. नायलॉनची कडी असलेला नट असेल तर तोही नवीन, तो एकदाच वापरायचा असतो.

फेरे मोजले म्हणून अलाइनमेंट टळत नाही. पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती तिरपी बघतात त्याला टो म्हणतात. टाय रॉडचे आटे बहुतेक दीड मिलिमीटरचे असतात. एक फेरा चुकला तर रिमपाशी तो फरक काही मिलिमीटरचा होतो, आणि टोची मुभा साधारण एक-दोन मिलिमीटरचीच. टायरची कड काही हजार किलोमीटरही टिकणार नाही. काम झाल्यावर सावकाश थेट अलाइनमेंटला जा.

रॅक घरी का नको

अनेक गाड्यांत त्यासाठी सबफ्रेम, म्हणजे इंजिनाला पेलणारी खालची चौकट, उतरवावी लागते. पण मुख्य कारण वेगळं आहे. मधला शाफ्ट पिनियनवर बसतो आणि एक आडवा बोल्ट दोघांना आवळतो. तो बोल्ट पिनियनवरच्या खाचेतून जायला हवा. शाफ्ट पूर्ण खाली सरकलेला नसेल तरीही बोल्ट छान आवळला जातो, स्टेअरिंग फिरतं, सगळं ठीक वाटतं. तो जोड तेव्हा फक्त घर्षणावर तग धरून असतो, आणि सुटेल तेव्हा चक्र हातात मोकळं फिरेल.

दुसरी भानगड क्लॉक स्प्रिंगची. स्टेअरिंगखाली एअरबॅग आणि हॉर्नच्या वायरीची गुंडाळी असते. रॅक सुटलेला असताना कोणी चक्र गंमत म्हणून दोन-चार फेरे फिरवलं तर ती तुटते. मोटरवाल्या रॅकला बसवल्यानंतर बऱ्याचदा संगणकाशी ओळख करून द्यावी लागते, स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. त्याचं यंत्र घरी नसतं.

गॅरेजमध्ये तरी चुका होतातच ना?

होतात. पण तिथे लिफ्ट असते, त्याच मॉडेलचं काम आधी झालेलं असतं, आणि बिघडलं तर जबाबदारी घ्यायला कोणी असतं. स्वतः करताना हत्यारांचा खर्चही धरा: टॉर्क पाना, स्टँडची जोडी, पुलर, प्रेशर टेस्टर. दोन-तीन कामांत ते वसूल होतात, एका कामासाठी बहुधा नाही. शिवाय गंजलेला बोल्ट अर्ध्यात तुटला तर गाडी उघडी पडून राहील आणि ती उचलून नेण्याचा खर्च वर येईल. रोज लागणारी एकच गाडी असेल तर हे गणित बदलतं.

मधली वाट बऱ्याचदा बरी पडते. निदान तुमचं, कूलंट, होस, कॅप तुमचं, रॅक आणि टायमिंग त्यांचं. अंदाजपत्रक ओळीओळीने मागा, सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगळी. रॅक सांगितला असेल तर बुटातलं तेल दाखवायला सांगा, रेडिएटर सांगितला असेल तर टेस्टरचा काटा. जुने भाग परत मागा. नीट काम करणारा मेकॅनिक याने रागावत नाही.

काम झाल्यानंतर

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटची पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच, भरा. पुढचे तीन-चार दिवस रोज बघा. रोज उतरतच राहिली तर भरत बसू नका, प्रेशर टेस्टर पुन्हा लावा. चाक काढलं असेल तर नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. बहुतेक कारना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडं जातात. तसराळं उघडं ठेवून आत जाऊ नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि उरलेलं झाकणबंद डब्यात भरून, डब्यावर ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. जुनं ऑइल घेणारी गॅरेजं बऱ्याचदा तेही घेतात.